दुबईला आठ दिवसांसाठी जात असताना पुण्यातील आईला व्हॉट्सअ‍ॅपवरून व्हिडिओ कॉल करता येईल का?

नाही, त्यावर विसंबून राहू नका; निघण्यापूर्वीच दोन्ही फोनवर गूगल मीट किंवा बोटिम (दोन्ही व्हिडिओ कॉलची ॲप) सुरू करून ठेवा. संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी तेथील दूरसंचार नियामकाची मान्यता लागते आणि व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल तेथे रोखलेले असतात. संदेश, फोटो आणि ध्वनिमुद्रित निरोप मात्र नेहमीप्रमाणे पोहोचतात. कामानिमित्त माझे तिकडे जाणे-येणे असते आणि घरच्यांशी मी मीटवरूनच बोलतो. दोघांच्या संभाषणाला त्यावर अडचण येत नाही, परंतु तिसरी व्यक्ती जोडल्यास मोफत खात्यावर 60 मिनिटांची मर्यादा लागू होते. बोटिम घेणार असाल, तर नोंदणीचा ओटीपी भारतात असतानाच मिळवावा, म्हणजे रोमिंगअभावी तो अडकणार नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरातच, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, एक चाचणी कॉल करावा आणि तो आईंना स्वतःच्या हाताने उचलू द्यावा. पहिल्याच वेळी कॅमेरा व माइक वापरण्याची परवानगी विचारली जाते. घाईत ‘नाकारा’ दाबले गेले, तर चेहरा दिसत नाही, आणि सेटिंगमध्ये जाऊन ते दुरुस्त करणे त्यांना एकटीने जमेलच असे नाही. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, हेही त्यांना सांगून ठेवावे. मान्यताप्राप्त ॲपची यादी बदलू शकते, त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात ती एकदा तपासावी.