पुण्याहून सोलापुरात कायमचं यायचंय, स्वतंत्र घर कोणत्या बाजूला बघावं?

तुम्ही लिहिलंय की नोकरी बहुतेक घरूनच आहे, महिन्यातून दोन-तीनदा पुण्याच्या ऑफिसात जावं लागतं. आई-वडील मोहोळला, दोघंही सत्तरीच्या पुढे. मुलगा पाचवीत. फ्लॅट नको, लहान का होईना स्वतंत्र घर हवं. आणि सगळे जुळे सोलापूरच सुचवतात, दुसरीकडे बघण्यासारखं काही आहे का?

आहे. तुमची परिस्थिती वाचून मी तरी आधी पुणे रस्त्यावरची बाळे-केगावची बाजू बघा असंच म्हणेन.

मी स्वतः जुळे सोलापुरात राहते, माहेर बाळ्याचं, त्यामुळे दोन्हीकडचं रोजचं जगणं माहीत आहे. जुळे सोलापूर खरंच सोयीचं आहे. शाळा, क्लास, दवाखाने, भाजी सगळं हाताशी. पण ते शहराच्या दक्षिणेला, आणि तुमचे आई-वडील मोहोळला, म्हणजे पुणे रस्त्याच्या बाजूला. वडिलांना बरं नाही असा रात्री फोन आला तर इथून निघून आसरा, सात रस्ता, जुना पुणे नाका असं अख्खं शहर ओलांडा, नाहीतर हत्तूर-केगाव बायपासचा वळसा घ्या. बाळ्यातून निघालात की थेट हायवे. पुण्याला जातानाही हाच हिशोब. रेल्वेने जायचं तर स्टेशन दोन्हीकडून गाठता येतं. वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास निघते आणि नवाच्या सुमारास पुण्यात पोचवते, हुतात्मा आहेच.

आता सोलापुरात घर घेताना ज्याच्यावर सगळं अडतं ते, पाणी. शहराला पाणी येतं उजनी धरणातून, शंभर किलोमीटरहून लांबच्या जलवाहिनीने, शिवाय टाकळीहून आणि हिप्परग्याच्या तलावातून. नळाला रोज पाणी यायची सवय असेल तर ती विसरावी लागेल. इथे वर्षानुवर्षं लोकांनी चार-चार, पाच-पाच दिवसांआडच्या पाळीवर संसार केलेत. उजनीच्या दुसऱ्या, समांतर जलवाहिनीनंतर सुधारणा होईल, पण ‘आता रोज पाणी येणार’ या एजंटच्या वाक्यावर घर घेऊ नका. ज्या गल्लीत घर बघताय तिथल्या बायकांना विचारा: पाळी किती दिवसांची, पाणी किती वाजता सुटतं, किती वेळ टिकतं, मोटार लावल्याशिवाय चढतं का. रात्री दोनला पाणी सुटणाऱ्या गल्ल्याही आहेत. मग घराच्या दारातला नळ नीट बघा. तो जमिनीच्या वर आहे की दोन-तीन फूट खड्डा करून खाली बसवलाय? खड्डा असेल तर त्या लाइनला दाब नाही, असं समजून चाला. गल्ली लाइनच्या शेवटच्या टोकाला असेल तर आणखी जपून. चावीवाला, म्हणजे पाणी सोडणारा महापालिकेचा माणूस, भेटला तर त्याच्याशी पाच मिनिटं बोला, त्याच्याइतकी खरी माहिती कुणाकडेच नसते.

हौद किती लिटरचा, हेही विचारा. माणशी दिवसाला १३५ लिटर धरलं तर पाच माणसांना पाच दिवसांचं जवळपास ३,४०० लिटर होतं. म्हणजे ५,००० लिटरचा हौद असेल तर पाहुणे आले, पाळी एक दिवस लांबली तरी निभतं. बोअर असेल तर मे महिन्यात किती चालतं, तेवढंच विचारा. पावसाळ्यातलं बोअर सगळ्यांचंच चालतं.

दुसरी बघायची गोष्ट जमीन. सोलापूरभोवती बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि पाया वरवरचा असेल तर घर हलतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या गेलेल्या भेगा, कललेलं कंपाउंड, मधेच उचललेली फरशी दिसली की बिल्डरला विचारा, पाया मुरूम लागेपर्यंत नेलाय का. नवीन रंगाखाली भेगा लपतात, म्हणून शेजारची आठ-दहा वर्षं जुनी घरं बघा. माती तीच असते.

बाळे-केगावचे तोटेही सांगते. हा भाग १९९२ च्या हद्दवाढीत महापालिकेत आला, तरी कित्येक कॉलन्यांत ड्रेनेज नाही, सेप्टिक टँकवर काम चालतं. हायवेलगत ट्रकचा आवाज आणि धूळ आहे, म्हणून आतल्या बाजूला घ्या. रविवारी बाळ्याच्या खंडोबाच्या देवळात गर्दी होते आणि चंपाषष्ठीला तर रस्ताच भरतो. शाळांचे पर्याय कमी, मुलाला बसने किंवा रिक्षाने शहराकडे पाठवावं लागेल. विद्यापीठ केगावला असल्यामुळे त्या बाजूला वर्दळ वाढली आहे, ते मला चांगलंच वाटतं.

बाकी बाजू थोडक्यात. होटगी रस्त्याला २०२५ पासून विमानं सुरू झाल्यावर भाव चढवून सांगतात. विमानतळाजवळ बांधकामाच्या उंचीवर बंधनं असतात, ते आधी तपासा. कुंभारी अक्कलकोट रस्त्याला, तुमच्या अगदी उलट टोकाला. शेळगी शहराला जवळ आहे, पण नाल्याच्या काठची घरं भर पावसात बघितल्याशिवाय घेऊ नका.

कागदपत्रांत कुणाच्याही भिडेला पडू नका. हद्दवाढ भागात गुंठेवारीचे, म्हणजे ले-आउट मंजूर न करता गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले, प्लॉट भरपूर आहेत आणि ते स्वस्त म्हणूनच दाखवले जातात. नुसत्या नोटरीवरचा व्यवहार तर नकोच. बिनशेतीचा आदेश, मंजूर ले-आउट, बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र आणि सातबारा किंवा मालमत्ता पत्रक एवढं हातात आल्याशिवाय इसार देऊ नका. गुंठेवारी असेल तर ती नियमित झाल्याचं प्रमाणपत्र मागा. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी) स्वतःच्या वकिलाकडून काढा, विकणाऱ्याच्या नाही. सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा किंवा बहिणींची नावं दिसली तर तिथेच थांबा. घर पत्नीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, तेवढ्यात नोंदणीचा बराच खर्च निघतो.

मुलाची शाळा आधीच ठरली असेल तर इथे कळवा. ती विजापूर रस्त्याला किंवा जुळे सोलापुरातच असेल, तर पाचवीतल्या पोराची रोजची ये-जा आणि आई-वडिलांचं अंतर दोन्ही मोजून मी वेगळं सुचवेन.