नवीन सिंथेटिक ड्रग्जचं रिसेप्टर टेस्टिंग: आधी कंट्रोल्स नीट लाव
अरे, नवीन ड्रगचा ईसी५० (निम्मा परिणाम देणारं प्रमाण) किती आला ते नंतर, आधी प्लेटवर रेफरन्स ॲगोनिस्ट, म्हणजे रिसेप्टर चालू करणारं तुलनेचं ओळखीचं कंपाउंड, कुठला होता ते सांग. रिसेप्टर सीबी१ (गांजासारख्या कंपाउंड्सचा) असेल तर सीपी-५५,९४०, म्यू-ओपिऑइड (मॉर्फिनसारख्या कंपाउंड्सचा) असेल तर डॅमगो, आणि तो प्रत्येक प्लेटवर हवाच, सेल्स रोज सारखे वागत नाहीत.

सिंथेटिक कॅनाबिनॉइड्स पाण्यात धड विरघळत नाहीत, प्लास्टिकला चिकटून बसतात, म्हणजे तुला वाटतं १ मायक्रोमोलर टाकलं पण सेलपर्यंत पोचतं त्याहून कमी, म्हणून प्रत्येक डायल्युशनला टिप बदल आणि डीएमएसओ (कंपाउंड विरघळवायचं द्रावक) प्लेटवरच्या सगळ्या वेल्समध्ये, म्हणजे खळग्यांमध्ये, सारखा ठेव. रिसेप्टर नसलेल्या सेल्सवरही तेच कंपाउंड चालवून बघ, तिथेही सिग्नल वाढला तर तो रिसेप्टरचा नाहीच.

आणि प्लीज, इमॅक्स (कंपाउंडचा जास्तीत जास्त परिणाम) रेफरन्सच्या १०० टक्के दिसला की लगेच फुल ॲगोनिस्ट लिहून मोकळा होऊ नकोस. सेलमध्ये रिसेप्टर खच्चून भरलेले असले की पार्शल ॲगोनिस्टसुद्धा (जो एरवी अर्धवटच परिणाम देतो) सीएएमपी असेमध्ये, म्हणजे सेलमधला सीएएमपी हा संदेशवाहक रेणू मोजायच्या टेस्टमध्ये, फुल वाटतो, बीटा-अरेस्टिन रिक्रूटमेंटमध्ये (हे प्रोटीन रिसेप्टरपाशी किती येतं ते मोजायच्या टेस्टमध्ये) सिग्नल तेवढा फुगत नाही, तिथे फरक कळतो, त्यामुळे शक्यतो दोन्ही कर. सोबत टीएचसी (गांजातला नशा आणणारा मुख्य घटक) चालव, तो सीबी१ वर पार्शल आहे, तोच फुल दिसायला लागला तर त्या असेवरून इफिकसीबद्दल (कंपाउंड रिसेप्टरला किती जोरात चालू करतं त्याबद्दल) काहीच बोलू नकोस.