कंपनीने सरकारला फोन ऐकू दिला, तर कंपनीवर केस होते का?

प्रश्न: नमस्कार वकील मॅडम, माझा मुलगा अमेरिकेत असतो. तो सांगत होता की तिकडे एटी अँड टी कंपनीवर ग्राहकांनी केस टाकली होती, सरकारला लोकांचे फोन-इंटरनेट ऐकू दिले म्हणून, आणि कंपनी सुटली. अशी कशी सुटते? आणि आपल्याकडे असं झालं तर कंपनीला कोर्टात खेचता येतं का?
– एक वाचक, कराड

उत्तर: काका, मुलगा बरोबर सांगतोय. ही केस जानेवारी 2006 ची, हेप्टिंग विरुद्ध एटी अँड टी. त्याच्या महिनाभर आधीच न्यूयॉर्क टाइम्सने बातमी फोडली होती की एनएसए ही गुप्तचर संस्था वॉरंट न घेताच फोन ऐकतेय. मग मार्क क्लाइन पुढे आले, एटी अँड टीचेच रिटायर्ड टेक्निशियन. त्यांनी कागदपत्रांसकट दाखवून दिलं की सॅन फ्रान्सिस्कोत फॉल्सम स्ट्रीटवरच्या कंपनीच्या बिल्डिंगमध्ये 641ए नंबरची खोली आहे, फायबर केबलला स्प्लिटर लावून सगळ्या ट्रॅफिकची एक कॉपी त्या खोलीत जाते, आणि आत फक्त एनएसएची मंजुरी असलेलाच माणूस जाऊ शकतो.

जज वॉन वॉकर यांनी जुलै 2006 मध्ये केस काढून टाकायला साफ नकार दिला. कंपनी फसणार असं दिसत होतं, कारण तिथे वॉरंटशिवाय ऐकू दिलं तर प्रत्येक ग्राहकामागे भरपाई आणि ग्राहक तर लाखो. पण जुलै 2008 मध्ये अमेरिकन संसदेने कायदाच बदलला: अॅटर्नी जनरलने, म्हणजे सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याने, कोर्टात सर्टिफिकेट दिलं तर कंपनीवरची केस बंद, आणि तेही मागच्या तारखेपासून! 2009 मध्ये केस निकालात काढली, 2012 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानेही ऐकायला नकार दिला. मला हे आजही पटत नाही, कारण क्वेस्ट नावाच्या कंपनीने सरकारला नाही म्हटलं होतं, म्हणजे नाही म्हणता येत होतं.

आता आपल्याकडचं. 2005 मध्ये खासदार अमर सिंह यांचा फोन टॅप झाला, रिलायन्स इन्फोकॉमने केला, दिल्ली पोलीस आणि गृहखात्याच्या नावाने आलेल्या पत्रांवरून. पत्रं बनावट निघाली, त्यात स्पेलिंगच्या ढोबळ चुका होत्या, तरी कंपनीत कोणी उलट फोन करून खात्री केली नाही. मे 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने सुनावलं की कोणाचा फोन ऐकणं म्हणजे त्याच्या प्रायव्हसीत घुसणं आहे, कंपनीने जबाबदारीने वागायला हवं, आलेल्या कुठल्याही कागदावर डोळे झाकून विश्वास ठेवून चालणार नाही. याचिका इतर कारणांनी फेटाळली, पण कंपनीविरुद्ध योग्य ठिकाणी दाद मागायचा रस्ता मोकळा ठेवला.

तर काका, गृह सचिवांचा खरा ऑर्डर असेल तर कंपनीला तो पाळावाच लागतो, भांडण सरकारशी, हायकोर्टात रिट करून. ऑर्डर नसेल, बनावट असेल किंवा कंपनीतल्याच कोणी परस्पर केलं असेल तर कंपनी जबाबदार. खरी अडचण पुढेच आहे, ऑर्डर गुप्त असतो, ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरही कोणी कळवत नाही, मग केस टाकणार कशाच्या जोरावर? ऐकणं संपल्यावर त्या माणसाला कळवायची सक्ती कायद्यात यायलाच हवी.