पीसीसी क्लीन आली तरी वाकडच्या त्या प्रकरणाचे कागद काढाच

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मे २०१६ मध्ये वाकडच्या सोसायटीत पार्किंगवरून शेजाऱ्याशी हातघाई झाली, दोघांनाही पोलीस ठाण्यात नेलं, संध्याकाळपर्यंत बसवलं, कुठल्याशा कागदांवर सह्या घेतल्या आणि सोडलं. पुढे आपसात मिटलं. आता कॅनडाच्या पीआरची (तिथे कायम राहण्याच्या परवान्याची) तयारी चालू आहे, आणि पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, क्लीन येणार असेल तर जुनं कशाला उकरायचं, असं तुम्ही विचारताय. माझं उत्तर स्पष्ट आहे: उकरायचं, आणि तुम्ही पुण्यात आहात तोवरच. आम्ही ते न करताच अर्ज भरला आणि महिनाभर झोप उडाली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पीसीसीचं. कॅनडाला चालते ती पासपोर्ट खात्याची पीसीसी. पासपोर्ट सेवा पोर्टलवर अर्ज करायचा, ५०० रुपये भरायचे, अपॉइंटमेंट घेऊन मूळ पासपोर्ट आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा घेऊन मुंढव्याच्या केंद्रात जायचं. सप्टेंबर २०२२ पासून पोस्ट ऑफिसमधल्या पासपोर्ट केंद्रांतही हा अर्ज घेतात. राज्य पोलिसांचं ‘चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र’ ही वेगळी गोष्ट आहे. ते इथल्या नोकरीसाठी वगैरे असतं, त्यात पैसे आणि दिवस घालवू नका. पत्नीचीही पीसीसी लागेल. गेल्या दहा वर्षांत कुठल्या देशात सलग सहा महिने किंवा जास्त राहिला असाल, तर त्या देशाचीही. ऑनसाइट म्हणून अमेरिकेत राहिला असाल तर एफबीआयकडून बोटांच्या ठशांवर आधारित रेकॉर्ड मागवावं लागतं. त्याला वेळ जातो, ते आधी सुरू करा.

आता त्या पीसीसीवर काय लिहिलेलं असतं ते नीट वाचा. ‘या व्यक्तीला कधीही अटक झाली नाही’ असं त्यात कुठेही नसतं. अमुक देशाच्या व्हिसासकट प्रवासाच्या सोयी देण्यास अपात्र ठरवील अशी प्रतिकूल माहिती या व्यक्तीविरुद्ध नाही, एवढंच ते म्हणतं. पासपोर्ट खात्याच्या प्रश्नाला दिलेलं ते उत्तर आहे. तुमच्या अर्जातला प्रश्न निराळा असतो. कॅनडाच्या वर्क परमिट आणि स्टडी परमिटच्या अर्जात विचारतात, की कुठल्याही देशात तुम्ही कधी गुन्हा केला, अटक झाली, आरोप ठेवला गेला किंवा शिक्षा झाली का. पीआरच्या फॉर्ममध्ये भर असतो तो शिक्षेवर आणि चालू असलेल्या फौजदारी कारवाईवर. अमेरिकेच्या साध्या टुरिस्ट व्हिसाच्या अर्जातही ‘कधी अटक झाली होती का’ हा प्रश्न आहे, नंतर माफी मिळाली असली तरी. म्हणजे पीआरच्या वेळी प्रश्न टळला तरी कुठल्या ना कुठल्या फॉर्मवर तो येणारच. आणि तिथे खोटं किंवा अर्धवट उत्तर दिलं असं कॅनडाला वाटलं, तर पाच वर्षांची बंदी आहे. मूळ भांडण किरकोळ असलं तरी ही बंदी किरकोळ नाही.

आमचं काय झालं ते सांगते. २०१२ मध्ये सिंहगड रस्त्यावर गाडी घासल्यावरून माझ्या नवऱ्याचं आणि त्याच्या मित्राचं एकाशी भांडण झालं. भादंवि (जुनी भारतीय दंड संहिता) ३४१, ३२३, ५०४ आणि ३४, म्हणजे वाट अडवणं, मारहाण, अपमान आणि ते मिळून करणं. जामीनपात्र कलमं, त्यामुळे अटक दाखवून ठाण्यातूनच जामीन. २०१४ मध्ये लोकअदालतीत तडजोड झाली आणि विषय संपला, असं आम्ही मानलं. २०१८ मध्ये वर्क परमिटचा अर्ज भरताना नवऱ्याने ‘होय’ लिहिलं, खाली चार ओळींचा खुलासा दिला. पीसीसी क्लीन होतीच. तीन आठवड्यांनी पत्र आलं: एफआयआर, आरोपपत्र आणि कोर्टाचा अंतिम आदेश, प्रमाणित प्रती आणि इंग्रजी भाषांतरासह, ३० दिवसांत द्या. आमच्याकडे होती लोकअदालतीच्या कागदाची एक पुसट झेरॉक्स. नवरा तेव्हा कंपनीच्या कामासाठी बंगळुरात, मी सातव्या महिन्यात. एका ठाण्यात, त्याचं नाव इथे घेत नाही, सासऱ्यांना चार खेपा घालायला लावल्या. दर खेपेला ‘गुन्हा रजिस्टर नंबर आणा, मग बघू’. आणि तो नंबरच तर आमच्याकडे नव्हता. शेवटी तो सापडला नवऱ्याच्या जुन्या जामीनपत्राच्या वरच्या कोपऱ्यात, निळ्या शाईने लिहिलेला. तो नंबर हातात आल्यावर सगळं पुढे सरकलं. सासऱ्यांनी ६८ व्या वर्षी हे आमच्यासाठी केलं, त्याची टोचणी मला अजून आहे.

म्हणून तुमचं पहिलं काम: त्या संध्याकाळी नक्की काय नोंदलं गेलं ते शोधणं. तुम्हाला ‘ठाण्यात बसवलं’ एवढंच आठवतंय, आणि त्याचे चार वेगळे अर्थ होऊ शकतात. एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, झाली असेल तर त्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपासही करू शकत नाहीत. हे सगळ्यात हलकं. दुसरी शक्यता चॅप्टर केसची: जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) १०७ किंवा १५१ खाली प्रतिबंधक कारवाई, शांतता राखण्याचा बाँड वगैरे. आपल्याकडे लोक हिला मोजतच नाहीत, पण १५१ मध्ये अटक असते हे लक्षात ठेवा. तिसरी, गुन्हा दाखल पण अटक नाही, फक्त ४१-अ ची, म्हणजे पोलिसांपुढे हजर राहण्याची, नोटीस. चौथी, गुन्हा दाखल, अटक आणि जामीन. सही केलेल्या कागदांत ‘जामीन-जातमुचलका’ किंवा ‘अटक पंचनामा’ असं काही होतं का, ते आठवा. होतं असेल तर ती अटकच, मग तुम्हाला कोठडीत टाकलेलं असो वा नसो.

वाकड ठाणं २०१६ मध्ये पुणे शहर पोलिसांकडे होतं. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं वेगळं आयुक्तालय सुरू झालं आणि वाकड, निगडी तिकडे गेली. चाकण, आळंदी, देहूरोड ग्रामीणकडून आली. म्हणजे तुमच्या कागदावर शिक्का पुणे शहराचा असेल, पण आज अर्ज करायचा तो पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत. कॅम्पातल्या आयुक्तालयात जाऊन दिवस फुकट घालवू नका.

महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर प्रकाशित एफआयआर शोधता येतात, पण तुमची तिथे मिळेल यावर भिस्त ठेवू नका. एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लागू झाला १५ नोव्हेंबर २०१६ पासून, तुमची घटना त्याच्या सहा महिने आधीची. त्याच निकालाने आरोपीला एफआयआरची प्रत मागण्याचा हक्कही स्पष्ट केला आहे, तेव्हा ठाण्यात साध्या कागदावर लेखी अर्ज द्या: नाव, तेव्हाचा पत्ता, घटनेची तारीख, फिर्यादीचं नाव, प्रत कशासाठी हवी ते. दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. तोंडी विचारलेल्याला काही किंमत नसते. आठ-दहा दिवसांत काही हललं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपये फी, ३० दिवसांची मुदत. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत बसवायचा. ‘माझ्यावर काय काय आहे ते सांगा’ असं मोघम लिहू नका. ‘अमुक तारखेच्या घटनेबाबत माझ्या नावे नोंदलेल्या गुन्ह्याचा, एनसीचा किंवा प्रतिबंधक कारवाईचा क्रमांक व त्याची निर्गती’ असं नेमकं मागा.

नंबर हाती आला की ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पोलीस ठाणं, एफआयआर नंबर आणि वर्ष टाकून शोधा. नावानेही शोधता येतं, पण आडनावाची स्पेलिंगं तीन-चार प्रकारे करून बघा. आमच्या खटल्यात आडनावातलं एक अक्षरच गायब होतं. केस सापडली तर तिचा १६ अक्षरी सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) लिहून ठेवा. आरोपपत्र कोर्टात गेलंच नसेल तर पोलिसांनी समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवलेली असेल: अ समरी म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही, ब म्हणजे फिर्याद खोटी, क म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाचं. ती कोर्टाने मंजूर केली का, हे महत्त्वाचं. मंजुरीचा आदेश नसेल तर प्रकरण कागदावर अजून उघडं आहे. ‘आपसात मिटलं’ म्हणजे केस संपली असं कोर्ट मानत नाही. तसं निघालं तर वकील लावून आधी ते बंद करून घ्या, पीसीसीचा अर्ज त्यानंतर.

कोर्टातून नक्कल काढताना फक्त अंतिम आदेश मागू नका. आरोपपत्र, अंतिम आदेश आणि रोजनामा, तिन्हींची प्रमाणित नक्कल घ्या, प्रत्येकी दोन संच. रोजनाम्यात तारखेवार काय घडलं ते एका नजरेत दिसतं आणि परदेशी अधिकाऱ्याला तेच सगळ्यात पटतं, निदान आमच्या बाबतीत पटलं. जुनी दप्तरं मुदतीनंतर नष्ट करतात. तुमचं तसं झालं असेल तर ‘दप्तर उपलब्ध नाही’ असं लेखी घ्या.

भाषांतरात आमचा घात होता होता वाचला. आदेशात शेवटी होतं ‘तडजोड झाल्याने आरोपींस दोषमुक्त करण्यात येते’. भाषांतरकाराने ‘दोषमुक्त’साठी ‘डिस्चार्ज’ लिहिलं. कायद्यात डिस्चार्ज म्हणजे आरोप ठेवण्याआधीच सोडणं; आणि तडजोडीने मिटलेल्या गुन्ह्यात आरोपी ‘ॲक्विट’ होतो, सीआरपीसी ३२० (८) मध्ये तसं साफ लिहिलंय. मी तो शब्द बदलून घेतला आणि कलमाची प्रत सोबत जोडली. एफआयआरमधलं ‘लाथाबुक्क्यांनी मारहाण’ हे पोलिसांचं ठरलेलं वाक्य आहे, ते आहे तसंच भाषांतरित होऊ द्या, सौम्य करायला लावू नका. भाषांतर घरच्या कुणी केलेलं कॅनडा घेत नाही, आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र लागतं. पण घरी आणून ओळ न् ओळ मूळ मराठीशी ताडून तुम्हीच बघायची.

खुलासा लिहाल तो अर्ध्या पानाचा ठेवा: तारीख, कलमं, काय झालं, कसं संपलं, सोबत कोणते कागद. शेजाऱ्याची चूक किती होती ते त्यात नको.

आज रात्री एवढंच करा: २०१६ च्या फायली, जुने फोन, मेल उघडून त्या दिवशीच्या एखाद्या कागदाचा फोटो मिळतो का बघा. ज्याच्याशी भांडण झालं त्या शेजाऱ्याकडेही विचारा, फिर्यादीला एफआयआरची प्रत मोफत मिळते आणि पुष्कळ जण ती जपून ठेवतात. वरच्या कोपऱ्यात नंबर, तिरकी रेघ आणि वर्ष दिसलं, की मला कळवा; तो गुन्ह्याचा आहे, एनसीचा की चॅप्टरचा, ते आपण आधी बघू.