एचडी डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारा रेकॉर्डर) लावताना घरातलं जुनं सीसीटीव्ही वायरिंगही बदलावं लागतं का?

बहुतेक वेळा नाही. थ्री-प्लस-वन केबल (एकाच आवरणात चित्राची एक कोॲक्स आणि पॉवर-आवाजाच्या तीन वायरी) धड असेल तर 1080पी, म्हणजे फुल एचडी चित्र तिच्यातूनच येतं. कॅमेरे मात्र बदला. जुना ॲनालॉग कॅमेरा नव्या डीव्हीआरवर चालतो, पण चित्र पूर्वीइतकंच धुरकट. गच्चीवरचे बीएनसी कनेक्टर (व्हिडिओ केबलच्या टोकाचे जोड) हिरवे पडले असतील तर कापून नवे लावा.

दिवसा ठीक, रात्री चित्र गायब? डीव्हीआरला दोष देण्याआधी कॅमेऱ्याच्या टोकाला मल्टीमीटर लावा. कॅमेऱ्याचे आयआर (अंधारात दिसण्यासाठीचे इन्फ्रारेड) दिवे लागले की करंट वाढतो आणि लांब, बारीक वायरीत 12 व्होल्ट शेवटपर्यंत पोचत नाहीत. चार कॅमेऱ्यांना 5 अँपियरचा एसएमपीएस (कॅमेऱ्यांना वीज देणारा पॉवर सप्लाय) पुरतो.

हार्ड डिस्क सर्व्हेलन्सचीच (सतत रेकॉर्डिंगसाठी बनवलेली) घ्या, पीसीतली जुनी नको. चार कॅमेरे, प्रत्येकी 2 एमबीपीएस (सेकंदाला 2 मेगाबिट), अखंड रेकॉर्डिंग: 1 टीबीत साधारण 11 दिवस.