तीनदा इंजेक्शन बदलूनही गाईची दगडी (कासेचा दाह) परत येते. आता आणखी भारी अँटिबायोटिक द्यावं का?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं. सांगली जिल्ह्यातल्या पलूसजवळ सहा गाईंचा गोठा आहे, दुसऱ्या वेताची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय आहे आणि त्रास मागच्या उजव्या सडाला आहे. दुधात गाठी आल्या, इंजेक्शन दिलं, दोन दिवसांत दूध सुधारलं आणि पंधरवड्यात पुन्हा तेच. दर वेळी औषध वेगळं होतं. आता कुणीतरी रेझिस्टन्स आलाय म्हणून सांगितलं, त्यामुळे गाईला औषधाची सवय झाली का आणि यापेक्षा भारी काय मिळेल, असं तुम्ही विचारताय.

मी कराड भागात जनावरांची प्रॅक्टिस करतो. माझं उत्तर सरळ आहे: भारी औषध मागू नका, आधी दूध तपासायला द्या.

गाईला सवय वगैरे काही होत नाही, बदलतो तो जंतू. उसात वर्षानुवर्षं एकच तणनाशक मारलं की बाकीचं तण जातं आणि त्याला न जुमानणारं तेवढं वावरभर पसरतं. जंतूंचंही तसंच होतं. वर ते औषध पचवण्याचे जनुक एकमेकांना देऊही शकतात, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलासुद्धा. हा झाला खरा रेझिस्टन्स. पण तुमच्या गाईत हेच घडलंय हे अजून कुणी तपासलेलंच नाही. औषध लागू पडलं नाही म्हणजे रेझिस्टन्स, असं समीकरण हल्ली झालंय आणि ते बऱ्याच वेळा चुकीचं निघतं.

तुम्ही सांगता तसं, म्हणजे दोन दिवस बरं आणि मग परत, असं चाललं असेल तर माझा पहिला संशय स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर जातो. हा फार चिवट जंतू. तो कासेतल्या पेशींच्या आत जाऊन बसतो, बारीक बारीक गळवं करतो आणि त्याभोवती कडक ऊतक तयार होतं. रक्तातून आलेलं किंवा सडातून सोडलेलं औषध तिथवर पुरेसं पोचत नाही. गंमत म्हणजे प्रयोगशाळेत हाच जंतू त्याच औषधानं मरताना दिसतो आणि कासेत मात्र जिवंत राहतो. धार काढून कास रिकामी झाली की त्या सडाच्या वरचा भाग बोटांनी खोलवर चाचपून बघा. बाजूच्या सडाचा भाग मऊ लागेल, इथं आत एखादी टणक गाठ हाताला लागली तर दुखणं जुनं झालंय असं समजा. अशा गाठीपुढे भारी काय आणि हलकं काय!

दुसऱ्याही शक्यता आहेत. यीस्ट म्हणजे बुरशीच्या जातीचा जीव असेल तर कोणतंच अँटिबायोटिक चालत नाही. हा पुष्कळदा आपणच आत घालतो. सडाचं टोक न पुसता औषधाची ट्यूब चढवली, एका सडातून काढलेलं नोझल दुसऱ्यात घातलं, की झालं. मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूला पेशीभित्तिका म्हणजे बाहेरची भिंतच नसते, आणि पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं त्या भिंतीवरच घाव घालतात, त्यामुळे ती त्याला काही करू शकत नाहीत. आणि जेंटामायसिनसारखं औषध मांसात टोचलं तर कासेत फारसं उतरतच नाही, जंतू त्याला कितीही संवेदनशील असो. ई. कोलायची दगडी वेगळी दिसते: एकदम ताप, दूध पाण्यासारखं, गाय मान टाकते. तिथं रिपोर्टची वाट बघत बसायचं नसतं, लगेच डॉक्टरला बोलवायचं (सरकारी फिरत्या दवाखान्यासाठी 1962 हा नंबर आहे). तुमची गाय खातेय, पितेय, रवंथ करतेय, म्हणजे दोन-तीन दिवस थांबायला हरकत नाही.

नमुना घेण्यात सगळे घाई करतात, म्हणून हे नीट सांगतो. पुढचं औषध सुरू करण्याआधी नमुना घ्यायचा. नुकताच कोर्स झाला असेल तर किती दिवस थांबायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, नाहीतर दुधातल्या औषधामुळे जंतू वाढतच नाही आणि रिपोर्ट कोरा येतो. लॅबमधून किंवा मेडिकलमधून निर्जंतुक बाटली आणा, तांब्या-पेला चालणार नाही. सड धुऊन कोरडा करा, पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या भांड्यात काढून टाका. मग सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्यानं घासून पुसा. बोळा मळका निघाला तर दुसरा घ्या. स्पिरिट वाळू द्या. बाटली आडवी धरून धार आत सोडा, झाकण हातातच धरा, खाली ठेवू नका. बाटलीवर गाईचं नाव, सड आणि तारीख लिहा आणि बर्फात घालून त्याच दिवशी पोचवा. बाटलीत शेणाचा कण जरी गेला तरी रिपोर्टात शेणातले जंतू येतील आणि उपचार त्यांच्यावर होईल.

कुठं द्यायचा? आधी जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात विचारा. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पलूसहून लांब पडतं, पण पुणे-बेंगळुरू हमरस्त्यावरच आहे. निघण्याआधी फोन करून तपासणी होते का आणि नमुना कधी घेतात ते विचारून घ्या. मागताना कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी दोन्ही सांगा. त्यात जंतू वाढवून बशीत पसरतात, वर वेगवेगळ्या औषधांच्या छोट्या चकत्या ठेवतात. औषध चालत असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल उमटतो, चालत नसेल तर जंतू चकतीच्या कडेपर्यंत वाढतात. गोल किती मोठा हे मोजून एस, आय किंवा आर लिहितात. एस म्हणजे औषध लागू पडतं, आय म्हणजे मधलं, आर म्हणजे रेझिस्टंट, ते औषध बाद. रिपोर्टला साधारण दोन-तीन दिवस लागतात. एक मात्र लक्षात ठेवा, स्टॅफ (तोच स्टॅफिलोकॉकस ऑरियस) रोज दुधात उतरत नाही. एकदा काही सापडलं नाही तर नमुना पुन्हा द्यावा लागतो.

आता जरा कडू बोलतो. दोन दिवसांनी दूध साफ दिसलं की इंजेक्शन बंद करायचं आणि परत झालं की दुसरं मागायचं, ही आपल्या भागातली पद्धतच होऊन बसलीय. पैसे वाचतात असं वाटतं, पण अर्धमेले जंतू मागे राहतात आणि प्रत्येक नव्या औषधाची त्यांना तोंडओळख होते. दोष एकट्या पशुपालकाचा नाही. कोर्स पूर्ण करा म्हटलं की मालक दुसऱ्याला बोलावतो, म्हणून पहिल्याच भेटीत सर्वात जोरकस औषध टोचणारे डॉक्टरही आहेत. लाळ-खुरकूत आणि लम्पी हे विषाणूचे आजार, त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. जखमेत जंतू शिरले असतील तर गोष्ट वेगळी. तरी ताप दिसला की इंजेक्शन टोचलं जातंच.

तुम्ही ज्याला भारी म्हणता ती औषधं बहुतेक माणसांच्या दवाखान्यातलीच असतात. तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन आणि एन्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधं जागतिक आरोग्य संघटनेनं माणसांसाठी सर्वाधिक महत्त्वाच्या यादीत ठेवलीत. कोलिस्टिनचं उदाहरण बघा. बाकी सगळं हरल्यावर माणसाला देण्याचं हे औषध, आणि ते कोंबड्यांच्या खाद्यात मिसळलं जायचं. त्याला दाद न देणारा, एका जंतूतून दुसऱ्यात जाऊ शकणारा जनुक 2015 मध्ये चीनमध्ये सापडला. भारतानं जुलै 2019 मध्ये दूध, मांस, अंड्यांसाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिन वापरण्यावर बंदी घातली. शेवटी गोठ्यात हात घालणारे तुम्ही, दूध पिणारी तुमची पोरं. आणि दूध उकळल्यानं जंतू मरतात, पण बहुतेक अँटिबायोटिक तसंच राहतं. म्हणून औषधाच्या खोक्यावर दूध जितके दिवस वापरू नका असं लिहिलंय, तितके दिवस ते डेअरीला घालू नका. त्या दुधाला विरजणही धड लागत नाही.

रिपोर्टात स्टॅफ निघाला तर? दुधावर असताना तो पूर्ण बरा होण्याची शक्यता कमी. गाय आटवताना कासेत सोडायच्या लांब टिकणाऱ्या ट्यूबा असतात, तेव्हा यश जास्त मिळतं. गाठ फार जुनी असेल तर तो एक सड कायमचा आटवून बाकी तिन्हींवर गाय चालवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. परदेशी पुस्तकात अशी गाय काढून टाका असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे काढलेली गाय बाजारात जाते आणि जंतू घेऊन दुसऱ्याच्या दावणीला लागते. तुमचीही कदाचित तशीच आली असेल.

रिपोर्ट येईपर्यंत या गाईची धार सगळ्यांत शेवटी काढा. मशीन असेल तर लायनर (सडावर बसणारी रबरी नळी) बघा, भेगा पडलेले असतील तर बदला. धारेनंतर सगळ्यांचे सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि लगेच वैरण टाका, म्हणजे सडाचं तोंड मिटेपर्यंत अर्धा तास तरी गाई उभ्या राहतील. बाकीच्या पाच गाई दिसायला ठीक असल्या तरी तपासा: अर्धा लिटर पाण्यात 15 ग्रॅम धुण्याची पावडर विरघळवा, प्रत्येक सडाचं थोडं दूध वेगवेगळ्या वाटीत घ्या आणि तेवढंच द्रावण घालून हलवा. दूध चिकट, घट्ट झालं तर त्या सडात लपलेली दगडी आहे. त्या गाईचाही नमुना याच खेपेला पाठवा.