राईड भावासाठी, पण भावालाच नको

प्रश्न: माझा धाकटा भाऊ दोन वर्षांमागे स्कूटरवरून पडला, हेल्मेट डिकीत होतं. डोक्याला मार, ऑपरेशन, पुढे कितीतरी दिवस हॉस्पिटल. आता चालतो-बोलतो, बघणाऱ्याला वाटतं बरा झाला, पण दुपारपर्यंत गळून जातो, विसरतो, एकदम चिडतो, नोकरीही गेली. त्याचे मित्र त्याच्यासाठी आणि अशाच इतर पेशंटांसाठी मडगाव ते पणजी बाईक राईड काढतायत, चाळीस बुलेट, मिरामारला डीजे, टीशर्टवर याचा फोटो. हा म्हणतो मी येणार नाही. मित्र रुसलेत, आई म्हणते तासभर बसायला काय होतं. पैसे तर हवेत. काय करू?
एक बहीण, फोंडा

उत्तर: ताई, तासभर बसायलाच तर सगळं होतं, हे आधी आईला सांगा. आपण बाजारात उभे राहून बोलतो तेव्हा मागचा हॉर्न, मासेवालीची हाक, कुणाचा मोबाईल, हे सगळं मेंदू आपोआप बाजूला सारत असतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. मेंदूला मार बसल्यावर बऱ्याच जणांची ही चाळणीच बिघडते, मग सगळे आवाज एकाच जोराने आत येतात. आणि त्याचा थकवा कधीकधी त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी येतो, म्हणून घरच्यांना वाटतं काल तर बरा होता, आज नाटक करतोय. चिडण्याचंही तसंच, कपाळामागचा जो भाग रागाला लगाम घालतो तोच अपघातात अनेकदा दुखावतो. तुमचा भाऊ आडमुठेपणा करत नाहीये, त्याला आपला अंदाज आलाय आणि मला तर ही चांगलीच खूण वाटते.

मित्रांचा हेतू सोन्यासारखा आहे, फक्त बुलेट घरी ठेवा म्हणावं. सायकली काढा. पणजीहून रायबंदरच्या जुन्या पोर्तुगीजकालीन बांधावरून जुने गोवे साधारण दहा किलोमीटर, तिथून फेरीबोटीने दिवाडी बेट, शेतातले रस्ते बहुतेक सपाट, पिएदाद गावातली चर्चकडची चढण तेवढी सोडली तर. पहाटे निघा, पावसाळा टाळा, आणि ऑगस्टात दिवाडीच्या बोंदेराम उत्सवाच्या गर्दीत तर चुकूनही नको. भावाला वाटलं तर फेरीच्या धक्क्यावर सावलीत बसून येणाऱ्यांची नावं लिहील, नाही वाटलं तर घरी झोपेल, दोन्ही चालेल, पण हे त्याला आधी विचारा आणि ऐनवेळी नको म्हणाला तरी कुणी तोंड पाडायचं नाही हेही मित्रांकडून कबूल करून घ्या. विसरतो म्हणताय, तर कार्यक्रम कागदावर लिहून फ्रिजवर लावा. टीशर्टवरचा फोटो मात्र त्याने स्वतः हो म्हटल्याशिवाय बिलकुल नाही.

पैशांचं. प्रत्येक सायकलवाल्याने पाच ओळखीचे धरायचे, प्रत्येकाकडून किलोमीटरला दहा रुपये. चाळीस जण, वीस किलोमीटर, झाले चाळीस हजार, डीजेचं भाडंही वाचलं. पण हे सगळं भावाच्या खात्यात ओतू नका, नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षाला ५० हजारांच्या वर भेट आली की ती सगळी रक्कम करपात्र धरली जाते. इतर पेशंटांसाठीही गोळा करताय तर देणगीवर करसवलतीची (८०जी) मान्यता असलेल्या नोंदणीकृत ट्रस्टमार्फत करा, देणाऱ्याला जुन्या करपद्धतीत सवलत मिळते, फक्त दोन हजारांवर रोख दिली तर मिळत नाही. आणि हा पैसा कशाला लागणार ते आधीच सांगा, कारण लोकांना ऑपरेशन दिसतं, त्यानंतर महिनोन् महिने चालणारी फिजिओ, स्पीच थेरपी, आणण्या-नेण्याची रिक्षा, बुडालेला पगार हे दिसत नाही, तुमच्या घरी खरी गळती तिथेच असणार.

पोलिसांची परवानगी घ्या, १०८ सगळ्यांच्या लक्षात असू दे. हेल्मेट सायकलवरही हवंच, पट्टा बांधून, गोव्यात ते कोपराला अडकवून फिरायची जी फॅशन आहे ती या राईडला तरी नको. पूर्वी आपटलेलं हेल्मेट कुणाकडून मागून आणू नका, आतला थर्माकोलसारखा थर एकदाच मार झेलतो, मग बाहेरून कितीही नवं दिसो. डिकीतलं ते जुनं भावाला विचारूनच बाहेर काढा, काहींना ते बघवत नाही.